तो माणूस नेमका कोणाचा?

(समुदाय रेडिओवरील 'आपली जमीन, आपलं नाव' या कार्यक्रमातलं भाषण)

मागच्या वेळी आपण वारस नोंदीबद्दल बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर तीन-चार गटांमधून एकच प्रश्न आला: जमिनीचा एजंट आणि जमिनीचा दलाल, यांच्यात फरक काय? एका मावशींनी तर विचारलं, "एजंट म्हणजे बूट घातलेला दलाल का गं?" आम्ही हसलो खरं, पण नीट उत्तर द्यायला बसलो तेव्हा कळलं की हा प्रश्न आम्हालाच आधी पडला असता, तर आमच्या गटाचे पैसे अडकले नसते. ती गोष्ट पुढे सांगतोच.

आधी आपल्या ओळखीच्या बाजारात जाऊ. काष्टीच्या नाहीतर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल कसा काम करतो ते आपण पाहिलेलं आहे. तो बैल विकणाऱ्याचा नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो. रुमालाखाली याची बोटं धरायची, मग त्याची धरायची, दोघांना ओढून-ताणून एका आकड्यावर आणायचं आणि दोघांकडून आपली दलाली घ्यायची, एवढंच त्याचं काम. बैल घरी जाऊन मारका निघाला तर दलाल म्हणतो, मी फक्त गाठ घालून दिली.

आता कांद्याच्या बाजारात चला. आपला कांदा नगरजवळ नेप्तीला गेला की तो अडत्याकडे उतरतो. अडत्या आपल्या वतीने लिलाव करतो, वजन होतं, पट्टी होते. त्याच्याकडे बाजार समितीचा परवाना असतो, पैशाचा हिशेब त्याने द्यायचा असतो, आणि पैसे थकले तर समितीत जाऊन त्याचं नाव घेता येतं. पूर्वी त्याची अडत आपल्याच पट्टीतून कापली जायची. २०१६ च्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी घेणाऱ्याकडून घ्यायची असं ठरवलं. ते का ठरवावं लागलं हे आपल्याला सांगायला नको. आणि लिलावात बोली लावतो तो तिसरा, व्यापारी. तो स्वतःसाठी घेतो. स्वस्त घ्यावं, महाग विकावं, हा त्याचा धंदा. त्यात लपवाछपवी काही नाही.

म्हणजे बाजारात तीन माणसं तीन जागी उभी असतात. अडत्या आपल्या बाजूने, दलाल मध्ये, व्यापारी समोर. कोण कुठे उभा आहे ते आपल्याला दिसतं. जमिनीच्या व्यवहारात हे तिन्ही एकाच माणसाच्या अंगात असू शकतात. सकाळी तो तुमचा, दुपारी मधला, संध्याकाळी समोरचा. चहा मात्र तीनदा आपल्याच घरी.

गेल्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यात असे फिरणारे फार वाढले. त्याला कारण आहे. २०१७ साली काकडीला शिर्डीचं विमानतळ सुरू झालं. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. सुप्याकडे कारखाने आले. नगर-मनमाड रस्त्याने एसटीतून जाताना खिडकीतून पाहा, बाजरीच्या शेतात रंगीत झेंडे आणि चुन्याच्या रेघा दिसतात. ज्या जमिनीकडे कोणी बघत नव्हतं, तिथे आता मोटारसायकली थांबतात.

आता आमची गोष्ट. आमच्या गटाला डाळमिल टाकायची होती. मशीन कर्जातून मिळणार होतं, शेडला जागा हवी होती. तीन गुंठे पुरले असते. एक ओळखीचा माणूस आला. म्हणाला, "ताई, मी तुमचा एजंट. रस्त्याच्या कडेची जागा आहे, गुंठ्याला दोन लाख वीस हजार. मला तुम्ही काही देऊ नका, मी मालकाकडून घेईन." आम्हाला वाटलं, भला माणूस. गटाने ५० हजार रुपये विसार दिला. स्टँपपेपरवर विसार पावती झाली, नोटरीचा शिक्का बसला, अध्यक्ष आणि सचिव दोघींनी सह्या केल्या. पेढेही वाटले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या जमिनीच्या मालकाची बायको आमच्यात बसलेली. बोलता बोलता ती म्हणाली, "आम्हाला तर गुंठ्याला एक लाख चाळीस सांगितलंय. ते पण अजून पुरते आलेले नाहीत." वाण हातात तसंच राहिलं. गुंठ्यामागे ८० हजार! तीन गुंठ्यांचे दोन लाख चाळीस हजार. "मला काही देऊ नका" म्हणणाऱ्या माणसाचे.

आम्ही पावती घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. हे आवर्जून सांगतो: १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात ही समिती असते. तिथल्या वकीलबाईंनी पावती पाहिली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. 'लिहून देणार' म्हणून त्या माणसाचंच नाव होतं. मालकाचं नाव चौथ्या ओळीत, ओझरतं. तोंडाने तो आमचा एजंट होता. कागदावर तो आम्हाला विकणारा होता. त्याने मालकाशी आधी स्वतःच्या नावाचं साठेखत करून ठेवलं होतं, थोडा विसार दिला होता, आणि आमच्या पैशातून पुढचा हप्ता भागवायचा त्याचा बेत होता. पावती आम्ही वाचली नव्हती. शिकलेल्या दोघी होतो, तरी वाचली नव्हती. माणूस ओळखीचा होता ना!

वकीलबाईंनी त्या दिवशी सांगितलेलं आम्ही वहीत उतरवून घेतलं. १८७२ सालचा करार कायदा आजही लागू आहे. त्यात एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. त्याने मालकाच्या, म्हणजे ज्याचं काम घेतलं त्याच्या, नकळत तोच व्यवहार स्वतःसाठी केला, तर त्यातून झालेला फायदा मागायचा हक्क मालकाला आहे. म्हणजे तो खरोखर आमचा एजंट असता, तर त्या ८० हजारांचा जाब आम्हाला विचारता आला असता. पण तो आमचा एजंट आहे असं एका चिठोऱ्यावरही लिहिलेलं नव्हतं. आणि नुसत्या साठेखताने कोणी जमिनीचा मालक होत नाही. मालकी येते नोंदणी झालेल्या खरेदीखताने. म्हणजे तो मालक नसताना विकत होता, आणि आम्ही मालकाशी न बोलता घेत होतो.

तेवढ्यावर भागलं नाही. तीन गुंठ्यांचं वेगळं खरेदीखत होतच नव्हतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालापासून आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडचं प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं ठरलं. त्याहून लहान तुकडा शेतजमिनीतून सरळ विकता येत नाही. तो माणूस म्हणाला होता, "पाच जणांचं मिळून सामायिक खरेदीखत करू, सगळे तसंच करतात." करतात खरे, आणि मग पाचांतल्या एकाने भांडण काढलं की बाकीचे चौघे कोर्टात बसतात. २०२५ च्या जुलैत सरकारने १ जानेवारी २०२५ पर्यंत झालेल्या लहान तुकड्यांना, तेही रहिवासी भागातल्या, मोकळीक देण्याचं जाहीर केलं. लगेच 'आता गुंठा खुला झाला' म्हणून गावोगाव सांगणं सुरू झालं. शेतातल्या कोणत्याही तुकड्याला ती मोकळीक आहे असं समजून पैसे देऊ नका. आणि अजून एक. शेतजमीन आपल्याकडे शेतकऱ्यालाच घेता येते. आमचा गट काही शेतकरी नव्हे. बिगरशेती झालेली जागाच आम्ही बघायला हवी होती. हेही 'आमच्या एजंटाने' सांगितलं नव्हतं.

पन्नासांतले तीस हजार वकिलांच्या नोटिशीनंतर दोन हप्त्यांत परत आले. वीस हजार अजून यायचे आहेत. गटाच्या ताळेबंदात ते दरवर्षी 'येणे' म्हणून दिसतात आणि दरवर्षी कोणीतरी नवीन सदस्य विचारते, हे कसले? मग ही सगळी कथा पुन्हा सांगावी लागते.

म्हणून फरक काय, असं कोणी विचारलं तर आम्ही सरळ सांगतो. नाव काय लावलंय ते बघू नका. त्याला पैसे कोण देतं ते विचारा, तो कोणासाठी सही करतो ते बघा, आणि बिघडलं तर तो कोणाला जबाब देतो ते विचारा. दोघांकडून दलाली घेत असेल तर तो मधला. मधल्याने तुमच्यासाठी भाव ताणावा अशी अपेक्षा धरू नका, कारण त्याला सौदा व्हायला हवा असतो, कितीलाही. तुमच्याकडूनच घेत असेल, आणि तसं लिहिलं असेल, तर तो तुमचा. 'मला काहीच नको' म्हणत असेल तर बहुतेक तो समोरचा आहे.

दलाल वाईट, असं आम्हाला म्हणायचं नाही. आमच्याच भागात एक म्हातारे बाबा आहेत, आयुष्यभर जमिनींची गाठ घालून देतात. धोतर, टोपी, खिशात वही. बांध न बांध पाठ. आमच्या एका सदस्येने शेजारची जमीन घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी तिला चालत नेऊन दाखवलं की वहिवाटीचा रस्ता आहे, पण कागदावर नाही. "आधी रस्त्याचं लिहून घे, मग पुढचं." विकणारा चिडला, सौदा महिनाभर लांबला, बाबांची दलाली लांबली. त्यांनी दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोघांकडून एक-एक टक्का घेणार. आम्हाला मधला माणूस असाच हवा, मधला म्हणून उभा राहणारा.

आता कायदा काय म्हणतो ते. २०१६ साली स्थावर संपदा कायदा आला, ज्याला सगळे रेरा म्हणतात. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं. या कायद्यात एजंट, दलाल, मध्यस्थ, डीलर, काहीही म्हणा, सगळे एकाच खान्यात येतात. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं किंवा प्लॉट विकून देणाऱ्याने महारेराकडे नोंदणी करायलाच हवी, आणि ज्या प्रकल्पाची नोंदणी व्हायला हवी पण झालेली नाही, त्यातलं काही त्याने विकून देता कामा नये. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या वर, प्लॉट पाडून विकत असतील तर प्रकल्पाचीही नोंदणी लागते. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटचं नाव आणि प्रकल्पाचा क्रमांक फुकट पाहता येतो. घरात शाळेत जाणारी पोरगी असेल तर ती पाच मिनिटांत पाहून सांगेल. आणि त्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. झेंडे लावलेल्या प्लॉटिंगवाल्याला हे दोन प्रश्न विचारा, महारेरा क्रमांक काय आणि बिगरशेतीचा आदेश कुठे आहे. कागद दाखवायला 'साहेब बाहेरगावी' असतील तर साहेब परत आल्यावर जा.

पण मैत्रिणींनो, इथे एक मोठी मेख आहे. साध्या शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीत, म्हणजे शेतकऱ्याने शेतकऱ्याला विकायच्या सौद्यात, जो मध्यस्थ फिरतो त्याला रेराची नोंदणी लागत नाही. ना परवाना, ना परीक्षा. कांद्याच्या अडत्याला परवाना आहे, पण ज्याच्या शब्दावर आपण वडिलोपार्जित दोन एकर सोडतो त्याला काहीच नाही. आमच्या एका सदस्येचा मुलगा अमेरिकेत असतो, त्याने सांगितलं तिकडे ब्रोकर आणि एजंट असे दोन वेगळे परवाने असतात. एजंट परीक्षा देऊन होतो, पण त्याला ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं, आणि एजंटच्या कामाचा जाब ब्रोकरला द्यावा लागतो. २०२४ च्या ऑगस्टपासून तर घेणाऱ्याच्या एजंटने घर दाखवायला नेण्याआधी लेखी करार करायचा, मी तुझ्यासाठी काम करणार आणि इतके घेणार, असा तिथल्या एजंटांच्या मोठ्या संघटनेचा नियम झाला. आपल्याला तसं लिहून घ्यायला कोणाची बंदी आहे? वहीचं एक पान पुरतं.

आता ज्या गोष्टीसाठी आज बोलायला बसलो ती. आपल्या दारात एजंट जास्त करून येतो तो सहीसाठी येतो. आमच्या गटातल्या एका ताईचं माहेर श्रीगोंदा तालुक्यातलं. एक दिवस भाऊ आला, सोबत एक अनोळखी माणूस, हातात पेढ्यांचा पुडा. "बाबांची जमीन विकतोय, चांगला भाव आलाय. तुझी फक्त सही लागते. मान्यता देणार म्हणून." ताईंनी त्या माणसाला विचारलं, "दादा, तुम्ही कोणाकडून?" तो म्हणाला, "मी तुमच्याच घरचा समजा." नंतर कळलं, त्याची दलाली घेणारा देणार होता, आणि बहिणींच्या सह्या गोळा करून द्यायच्या, हेच त्याने अंगावर घेतलेलं काम होतं.

'मान्यता देणार' हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. खरेदीखतात भाऊ असतो 'लिहून देणार', पैसे त्याच्या नावावर. बहीण असते 'मान्यता देणार', म्हणजे माझा हक्क होता, तो मी सोडला, मला तक्रार नाही. कधी कधी पुढे असंही असतं की तिच्या हिश्श्याची रक्कम तिला पावली. ताईंच्या कागदात तसंच होतं. एक रुपया पावला नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला जन्मानेच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. म्हणून तर घेणारा बहिणीच्या सहीशिवाय पैसे सोडत नाही. सही फुकटची असती तर पेढे कशाला आले असते?

ताईंनी भांडण केलं नाही. म्हणाल्या, "सही करते. पण दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, कागद वाचून, आणि माझ्या हिश्श्याच्या चेकचा नंबर त्यात लिहून." तो माणूस त्या दिवशी निघून गेला आणि आठ दिवसांनी दुसरा कागद घेऊन आला, मुखत्यारपत्राचा. "तुम्हाला श्रीगोंद्यापर्यंत हेलपाटा कशाला?" हे सगळ्यात घातकी. मुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या जागी उभं राहून सही करायचा हक्क. तुम्ही इकडे भाकरी थापत असाल आणि तिकडे जमीन विकली जाईल, ती सही तुमचीच धरली जाईल. गिऱ्हाईक शोधायला, भाव बोलायला एजंटला मुखत्यारपत्र लागत नाही. ज्यांनी दिलेलं आहे त्यांनी ते वाचून घ्या. रद्द करायचं असेल तर लेखी रद्द करा, त्या माणसाला पोस्टाने कळवा आणि निबंधक कार्यालयातही कळवा. तोंडी 'नको आता' म्हणून ते रद्द होत नाही. या कामालाही विधी सेवा समितीचा वकील मिळतो.

ताईंना शेवटी पैसे मिळाले. पूर्ण हिस्सा नाही, भावाची मुलगी लग्नाची होती म्हणून त्यांनी स्वतःहून कमी घेतले. पण आकडा त्यांनी ठरवला आणि तो खरेदीखतात लिहिला. भाऊ दोन दिवाळ्या आला नाही. त्या दोन भाऊबीजांना ताई काय होत्या ते आम्ही पाहिलंय, ते रेडिओवर सांगायचं नाही. यंदा भाचीच्या लग्नाची पत्रिका मात्र आली.

आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. तिथल्या ग्रामसभेने जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही असं ठरवलं. एजंटने यावं कशाला, असा प्रश्नच तिथे. प्रत्येक गावाला ते जमेल असं नाही. कर्ज, आजारपण, लग्न, माणसाला विकावं लागतं. विकणारीला दोष देणारे आम्ही कोण?

आम्ही आमच्यापुरतं एवढं केलं आहे. गटाच्या कपाटात एक वही ठेवली आहे. जमिनीचं काम घेऊन कोणीही आलं की चहाच्या आधी वही पुढे करायची. नाव काय, काम कोणाकडून घेतलं, दलाली कोण देणार आणि किती टक्के, जमिनीत स्वतःचं साठेखत किंवा हिस्सा आहे का, आणि खाली सही. मग त्याच दिवशी त्या गटाचा सातबारा काढायचा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. मालकाच्या नावाबरोबर 'इतर हक्क' हा रकाना वाचायचा, सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा तिथेच असतो. भोगवटादार वर्ग २ असं दिसलं तर परवानगीशिवाय विक्री नाही. आपल्याकडे धरणग्रस्तांना मिळालेल्या, इनामाच्या अशा पुष्कळ जमिनी आहेत. आणि मालकाला, जमल्यास मालकिणीला, समोरासमोर भेटल्याशिवाय पैसा द्यायचा नाही. दिला तर बँकेतून, मालकाच्याच खात्यात.

डाळमिल सध्या एका सदस्येच्या पडवीत चालते. तूरडाळीचा धुरळा तिच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो, तिची सासू रोज बोलते. जागा अजून हवीच आहे. मागच्या आठवड्यात एक जण आला, बिगरशेती प्लॉट आहे म्हणाला, भावही बरा वाटला. आम्ही वही पुढे केली. त्याने दोन-तीनदा वाचली, पेन हातात घेतला, आणि म्हणाला, सोमवारी येऊन सही करतो.

सोमवार होऊन गेला. पान कोरं आहे.